दाखवून आलो, पण सांगितलं काय?

आमच्याकडं कुणी आजारी पडलं की पहिला प्रश्न येतो, "डॉक्टरला दाखवलं का?" आणि उत्तर येतं, "आत्ताच दाखवून आलो." बैल बाजारात दाखवावा तसं आपण स्वतःला डॉक्टरला दाखवतो. हा शब्द मला फार वर्षं साधाच वाटायचा. खर्ड्यात औषधाचं दुकान चालवता चालवता तीस वर्षं उलटली, तेव्हा कुठं लक्षात आलं की आपण खरोखर तेवढंच करतो. जीभ दाखवतो, डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवतो, दंड पुढं करतो आणि चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो. सांगायचं राहून जातं. विचारायचं तर बहुतेकांनी घरून निघताना ठरवलेलंही नसतं.

राहिलेलं सगळं मग माझ्या काउंटरवर येतं. ही गोळी कशाची? बारीक पांढरी किती दिवस घ्यायची? दोन्ही संगट घेतल्या तर चालतील का? आणि सगळ्यात शेवटी, पिशवी उचलता उचलता, आवाज खाली आणून विचारलेलं, "भाऊ, मला नेमकं झालंय काय?" हा प्रश्न दुकानदाराला विचारला जातो याचा सुरुवातीला मला थोडा अभिमान वाटायचा. नंतर भीती वाटायला लागली. मी डी. फार्म. झालेला माणूस. चिठ्ठीवरून मला औषध ओळखता येतं, आजार नाही. प्रोप्रॅनोलॉलची एकच गोळी रक्तदाबाला देतात, हाताच्या थरथरीला देतात आणि अर्धशिशीलाही देतात. समोरच्या बाईला ती कशासाठी दिली हे डॉक्टरला ठाऊक असतं आणि तिला ठाऊक असायला हवं. मला अंदाज करावा लागतो, आणि औषधाच्या धंद्यात अंदाजाइतकी वाईट सवय दुसरी नाही.

म्हणून मी एक वही ठेवली. लोक मला जे विचारत ते त्यात लिहायचं, आणि समोर कंसात एकच खूण करायची: हे डॉक्टरला विचारलं होतं का? वही भरली तेव्हा बहुतेक सगळ्या कंसांत फुलीच होती. ही पुस्तिका त्या वहीतून झाली. तिची प्रस्तावना लांबली आहे याची मला कल्पना आहे. पण पुस्तिकेत जे सांगितलंय ते का सांगावं लागलं, हे एकदा नीट बोलून टाकलं पाहिजे.

खर्डा म्हटलं की बाहेरच्या माणसाला १७९५ सालची लढाई आठवते. निजाम इथल्या किल्ल्यात अडकून पडला आणि तहाला तयार झाला. आम्हा गावकऱ्यांना रोज वेढा पडतो तो वेगळा. गाव जामखेड तालुक्याच्या टोकाला. एका अंगाला बीड जिल्हा, दुसऱ्या अंगाला धाराशिव. साध्या तापाला गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा खासगी दवाखाना. त्यानं गुण नाही आला तर जामखेड नाहीतर बार्शी. त्याहून मोठं काही निघालं तर नगर (आता कागदावर अहिल्यानगर), सोलापूर, पुणे. पुण्याच्या डॉक्टरकडं जायला पहाटे चारची तयारी, गाडीभाड्याची उसनवारी, सोबतीला नातेवाईक. आणि एवढं करून आत गेल्यावर मिळतात ती मोजकी मिनिटं. ती मिनिटं संपली की परत इथंच, माझ्या काउंटरवर, फाईल उघडून, "जरा बघा बरं काय लिहिलंय."

काय लिहिलेलं असतं? १-०-१ लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एका आजोबांनी मला अत्यंत गंभीरपणे विचारलं होतं, "एकशे एक गोळ्या एकदम कशाला नेऊ?" त्याच्याही आधीच्या पिढीतले डॉक्टर बी.डी. लिहायचे, लॅटिनमधलं 'दिवसातून दोनदा'. आणि छातीच्या रोग्याच्या चिठ्ठीवर बी.डी. वाचताना आम्हाला हसू आवरायचं नाही. औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम २०१६ मध्ये आला. अक्षर सुधारलंही थोडं. पण सुवाच्य इंग्रजी हेही ज्याला इंग्रजी येत नाही त्याला अवाच्यच.

आता आपल्या बाजूचं. लोक गप्प का बसतात? भीड हे एक कारण झालं. साहेबांपुढं कसं बोलायचं, मागं माणसं खोळंबलीत, तो चिडला तर. पण त्याच्या तळाशी एक जुनी समजूत आहे, आणि ती भिडेपेक्षा चिवट आहे. ती अशी की खऱ्या वैद्याला सांगावं लागत नाही. त्यानं मनगट धरलं की काल रात्री काय खाल्लं तेही कळलं पाहिजे. "मीच सांगायचं तर तो डॉक्टर कसला?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. काही जण तर मुद्दाम सांगत नाहीत, परीक्षा पाहतात. यातली गंमत अशी की नाडीपरीक्षा आयुर्वेदात तशी उशिरा आली. चरकात ती नाही, शार्ङ्गधराच्या ग्रंथात दिसते. त्याच्या कितीतरी आधी वाग्भटानं रोगी तपासायचे तीन मार्ग सांगितले: पाहणं, स्पर्श करणं आणि प्रश्न विचारणं. म्हणजे ज्या परंपरेच्या नावानं आपण तोंड मिटून बसतो, तिच्यातच रोग्याच्या बोलण्याला तिसरा पाय मानलंय. तिवईचा तिसरा पाय आपणच काढून घेतो आणि मग तिवई डुगडुगते म्हणून ओरडतो.

आणि बोलायला शब्द नाहीत असं थोडंच आहे! दुखण्याच्या बाबतीत मराठी माणूस श्रीमंत आहे. दात ठणकतो, गळू ठसठसतं, कान सणकतो. कंबरेत उसण भरते, पाठीत चमक निघते. पोटात कळ येते, मुरडा पडतो, गोळा उठतो. पोटरीला पेटके येतात, तळव्याला मुंग्या येतात, डोळे चुरचुरतात, छातीत जळजळतं, जीव घाबरा होतो, अंग मोडून येतं, कणकण वाटते. यातला एकेक शब्द म्हणजे अर्धं निदान आहे. कळ म्हणजे येऊन-जाऊन दुखणं, लाटेसारखं. ठसठस म्हणजे आत पू असण्याची शक्यता. तळव्याच्या मुंग्या ऐकल्या की डॉक्टरच्या मनात साखर तपासायचं आलंच पाहिजे. घरात सुनेला, शेजारणीला हे सगळं बारकाव्यानं सांगणारी आजी दवाखान्यात स्टुलावर बसली की एकच वाक्य बोलते: "कसंतरी होतंय." नाहीतर, "अशक्तपणा आलाय."

अशक्तपणा या शब्दाचं आमच्या भागात सरळ भाषांतर होतं: सलाईन. अर्धा लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, आणि साखरेची असली तर २५ ग्रॅम साखर. जुलाबानं सुकलेल्या किंवा ज्याला तोंडानं काही जात नाही अशा माणसाचा त्यानं जीव वाचतो. पण अशक्तपणामागं रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, मनाची उदासी असेल, तर ते चमचाभर मीठ काय करणार? डॉक्टरनं खोदून विचारायला हवं होतं हे खरंच. पण त्याच्या हाती कुदळ देणारा शब्द आपल्याकडं होता आणि आपण तो उंबऱ्याबाहेर चपलांसोबत ठेवून आत गेलो, हेही खरं.

डॉक्टर बोलू देत नाहीत, ही तक्रार जगभरची आहे. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी १९८४ साली ७४ तपासण्या ऐकून मोजमाप केलं. रोगी बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. तोडण्यामागची भीती अशी की हा बोलत सुटला तर दुपार होईल. ही भीती खरी आहे का हे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डॉक्टरांनी तपासलं, २००२ साली. ३३५ रोग्यांना मध्ये न अडवता बोलू दिलं आणि चोरून घड्याळ लावलं. सरासरी किती वेळ बोलले? ९२ सेकंद. दर पाचांतले जवळपास चार जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजीबायका आठवल्या. त्यांना दोन मिनिटं पुरतील का? मला वाटतं पुरतील, फक्त सुरुवात लग्नात जेवलेल्या जिलेबीपासून न करता दुखण्यापासून केली पाहिजे. ही जिलेबी कशी वगळायची यावर पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण आहे आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त मजा आली.

एक प्रश्न मात्र असा आहे की जो विचारताना आमच्याकडचा कुणीही, बाई असो की बाप्या, कधीच कचरत नाही. पथ्य! डॉक्टर चिठ्ठी फाडून हातात देतो, पुढच्याला बोलावतो, आणि दारापर्यंत गेलेली बाई वळून ठणठणीत आवाजात विचारते, "पथ्य काय?" मग सरबत्ती सुरू होते. भात चालेल का? दही? बाजरीची भाकरी उष्ण पडेल का? वांगं? आंबट? मुलाला झालेल्या तापात आईनं वांगं खाल्लं तर? (दूध पाजणारी आई असली की हा प्रश्न ठरलेला.) डॉक्टर वैतागून "सगळं खा" म्हणाला तर त्याची किंमत कमी होते. ही बाई तीच, जी दोन मिनिटांपूर्वी "कसंतरी होतंय"च्या पुढं गेली नव्हती. मग हा धीर आला कुठून? माझं उत्तर असं: पथ्य हा तिच्या स्वयंपाकघराचा मामला आहे. तिथं ती मालकीण आहे. काय शिजवायचं हे तिला ठरवायचंय, म्हणून माहिती मागायचा आपला हक्क आहे हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. शरीराबद्दल मात्र तिला तसं वाटत नाही. शरीर म्हणजे जणू दुरुस्तीला टाकलेली मोटार, मिस्त्री सांगेल तेव्हा न्यायची. या पुस्तिकेचा सगळा खटाटोप एवढाच आहे की वांग्याबद्दल ज्या आवाजात विचारता, त्याच आवाजात गोळीबद्दल, तपासणीबद्दल आणि ऑपरेशनबद्दल विचारा.

ऑपरेशनचं नाव निघालं की मला आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याबद्दल लिहावंच लागतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या या सगळ्या पट्ट्यातून, जामखेड, आष्टी, पाटोद्याकडून, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत, पोटात दुखत असताना, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, पण ते कुणाला सांगायचं नाही, अंगावर काढायचं. हा वाक्प्रचार कुणी घडवला असेल कोण जाणे, पण 'दुखणं अंगावर काढणं' यात आमच्या बायकांचा सगळा आरोग्याचा इतिहास आला. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये जे छापलं ते असं: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्यापूर्वी कधी तरी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. राणीताईंच्या मराठी पुस्तकाचं नाव 'कानोसा' आहे. कान देणं, हेच.

अंगावर काढून काढून शेवटी बाई दवाखान्यात जाते तेव्हा काय होतं, ते २०१९ साली बाहेर आलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढल्याच्या बातम्या आल्यावर सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झाली ८२,३०९ बायकांची. गर्भाशय काढलेल्या निघाल्या १३,८६१. म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होतं. पुढं बीडमध्ये खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल असं ठरलं.

यात गरिबी आहे, मुकादमी आहे, काही डॉक्टरांचा लोभ आहे. त्यावर लिहिणारे लिहितात. माझा विषय त्या खोलीतल्या संभाषणाचा आहे. आमच्याकडं गर्भाशयाला कुणी गर्भाशय म्हणत नाही. पिशवी म्हणतात. "पिशवीला सूज आहे." "पिशवी खराब झाली." "ठेवली तर कॅन्सर होईल." पिशवी या शब्दातच खोड आहे. पिशवीतलं सामान काढून झालं, दोन लेकरं झाली, की रिकामी पिशवी सांभाळायची कशाला? शिवाय पाळी नाही म्हणजे खाडा नाही. एका शब्दानं अवयवाची वस्तू झाली आणि वस्तू टाकून देता आली. आणि सोबत कुठं कुठं बीजांडं गेली, त्यानं पस्तिशीत अंगाची आग, झोप न येणं, हाडं दुखणं सुरू झालं, हे सांगायचं राहून गेलं. त्या बायका पुढं कॅल्शियमच्या गोळ्या न्यायला माझ्यासारख्यांच्या दुकानांत येतात. "काढायच्या आधी काय विचारलं होतं?" असं मी एकीला म्हटलं. ती म्हणाली, "खर्च किती."

खर्च किती हा प्रश्न वाईट नाही, अगदी विचारलाच पाहिजे. पण त्याच्या शेजारी आणखी तीन बसायला हवेत. नाही काढली तर काय होईल? दुसरा उपाय आहे का? सोबत अजून काय काढणार? हे माझ्या पदरचे नाहीत. २००८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात जो निकाल दिला त्याच्या गाभ्याशी हेच आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजांडं, ती बेशुद्ध असताना, तिच्या आईची संमती घेऊन काढली गेली होती. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे; आणि शुद्धीवर येऊन स्वतः उत्तर देऊ शकणाऱ्या प्रौढ बाईच्या वतीनं आईही संमती देऊ शकत नाही. काय करणार, कशासाठी, धोका कोणता, दुसरा मार्ग कोणता, आणि काहीच केलं नाही तर काय, हे सगळं रोग्याला सांगायला हवं. दिल्लीतल्या न्यायालयाचा हा निकाल आणि आमच्या काउंटरवरची बाई यांच्यात अंतर फार आहे. पण प्रश्न तिच्याच तोंडचे आहेत.

हे होणार कसं, अडाणी बाया डॉक्टरला प्रश्न विचारणार का, असं मला एका शिकलेल्या मित्रानं विचारलं. त्याला मी म्हटलं, तू कुठल्या तालुक्यात राहतोस? जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आलं. वेल्लोरला शिकलेले, वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलेले, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून परतलेले. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या, जमलं नाही. मग गावांनीच निवडलेल्या बायका घ्यायच्या ठरल्या. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या, चारचौघांत स्वतःचं नाव सांगताना पदर तोंडाशी नेणाऱ्या. त्यांना जामखेडला बोलावून दर आठवड्याला शिकवलं जायचं आणि शिकवण्यात गप्पा, गाणी, उलटप्रश्न हेच जास्त. त्या गावात परत जाऊन बाळंतपणं करायच्या, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी द्यायच्या आणि पुढच्या आठवड्यात येऊन डॉक्टरला म्हणायच्या, तुम्ही सांगितलं तसं झालं नाही, का? या कामासाठी आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं देशात 'आशा' ताई आल्या त्याच्या कितीतरी आधी आमच्या तालुक्यात हे घडत होतं.

त्यांच्यातल्याच मुक्ताबाई पोळ १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला एका मोठ्या आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात झगमगती झुंबरं होती. त्यांच्याकडं बोट करून त्या म्हणाल्या की डॉक्टर असे असतात, देखणे, महागडे, हाताला न लागणारे. मग पिशवीतून वातीचे दोन साधे दिवे काढले. एक पेटवला आणि त्यावरून दुसरा पेटवला. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला त्या दिव्यांपेक्षा जास्त नवल वाटलं ते याचं की बाईनं घरून निघताना दिवे बरोबर घेतले होते. म्हणजे काय बोलायचं ते तिनं आधी ठरवलं होतं. दवाखान्यात जाताना आपण नेमकं तेच करत नाही.

बार्शीची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथल्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात १९८७ साली बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भूम म्हणजे आमचा शेजार. कार्यकर्ते गावोगाव हिंडत, बायकांशी बोलत, पाळीव्यतिरिक्त रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं अशा खुणा सांगत आणि कुणाला असं होतंय का विचारत. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. तरी काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्यापेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या, असं त्यांनी १९९५ साली जगापुढं मांडलं.

हक्कांबद्दल पुस्तिकेत दोनच पानं आहेत, कारण हक्काचा कागद नाचवत आत गेलेल्या माणसाशी डॉक्टर वकिलाशी बोलावं तसं बोलायला लागतो. तरी ठाऊक असावं: मागितल्यापासून ७२ तासांत आपले कागद मिळाले पाहिजेत; राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद काढली; आणि महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या नियमांनी ती सनद खासगी दवाखान्यांत लावणं बंधनकारक झालं. पुढच्या वेळी बाकड्यावर बसलात की मोबाइलवरून मान वर करून भिंतीवर ती आहे का बघा.

डॉक्टरांची बाजू मला ठाऊक नाही असं नाही. त्यांच्या चिठ्ठ्यांवर माझं घर चालतं. सकाळपासून शे-सव्वाशे माणसं पाहिलेल्या माणसाला रोगी स्वतः बोलत नाही आणि त्याचा मेव्हणा थांबत नाही, हा छळ काय असतो तेही मी पाहिलंय. नवरा सांगतो, "काही नाही साहेब, हिचं सारखं डोकं धरतं," आणि बाई खाली बघत बसते. कुणी मोबाइलवर आलेलं काही तरी वाचून तावातावानं भांडायला येतो. डॉक्टरांवर हात उचलू नये म्हणून राज्याला २०१० साली कायदा करावा लागला, ही आपल्यालाही शोभा देणारी गोष्ट नाही. प्रश्न विचारणं आणि जाब विचारणं यांत फरक आहे, आणि तो आवाजाच्या पट्टीत नसून तयारीत असतो. २०१९ पासून एमबीबीएसच्या मुलांना रोग्याशी कसं बोलावं हे अभ्यासक्रमातच शिकवतात. टेबलाच्या अलीकडच्या बाजूला मात्र शाळा नाही.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना मी या पुस्तिकेचं हस्तलिखित दाखवलं. (पाहा, मीही 'दाखवलं'च म्हणतोय.) त्यांनी चाळून परत दिलं आणि म्हणाले, "सगळे असं विचारायला लागले तर माझा धंदा बसेल." मग थोड्या वेळानं म्हणाले, "एक भर घाल. आधीच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर आणायला सांग. लाल गोळी, पिवळी गोळी यानं मला काही कळत नाही." ती भर मी पहिल्याच पानावर घातली आहे. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर नेलेल्या दुखण्याच्या गोळ्याही त्यात धरा; मूत्रपिंडाला त्या काय करतात हे डॉक्टरला ठाऊक असतं, पण तुम्ही त्या खाता हे नसतं. यात माझाही दोष आहे. दिल्या मीच.

पुस्तिकेची शेवटची चार पानं कोरी सोडली आहेत. छपाईला देण्याआधी एक प्रत मी गावातल्याच एका मावशींना दिली होती. साखर आहे, सात वर्षं गोळ्या चालू, सही करण्यापुरतं लिहिता येतं. नातीकडून वाचून घेतली. महिन्याच्या गोळ्या न्यायला आल्या तेव्हा प्रत परत केली. कोऱ्या पानावर नातीच्या गोल अक्षरात दोन ओळी होत्या. वांगं चालतं हे सात वर्षांपूर्वीच विचारलं. तळपायाला मुंग्या येतात हे सांगायचं राहिलंय, मंगळवारी सांगायचं.